हजेरीपटांतील नांव

प्रतिवर्षीं परीक्षांचे निकाल लागले, कीं आपल्या घराघरांतून एका जुन्या वादास पुन्हां पालवी फुटते. वडील मंडळींचा ओढा सरकारी नोकरीकडे, तर तरुणांची दृष्टि मिहानमधील, नाहीं तर पुण्याकडील एखाद्या कंपनीवर. सरकारची चाकरी तीच चाकरी, बाकी सारी मजुरी, असें आजोबांचें मत. आणि नातू पगाराचा आंकडा सांगून त्यांस निरुत्तर करतो. या वादांत वेतन, निवृत्तिवेतन, बदल्या व सुट्ट्या यांचा हिशेब पुष्कळ होतो. परंतु चाकरी करणारा आणि ती देणारा यांच्यामध्यें नातें कोणत्या प्रकारचें असावें, हा मूळ प्रश्न बहुधा कोणी काढीत नाहीं. या महिन्यांत त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

या विषयास अलीकडे 'मनुष्यबळ व्यवस्थापन' असें म्हणतात. 'मानव संसाधन' असाहि एक शब्द सरकारी कागदांतून येतो. तो मात्र आमच्या कानास खटकतो. कोळसा, कापूस, वीज हीं साधनें खरीं. पण त्यांच्या पंक्तीस माणसास बसविल्यावर त्याचाहि विचार कोळशाप्रमाणेंच होऊं लागला, तर नवल कसलें? आमच्या प्राचीन ग्रंथकारांचा या ठिकाणचा शब्द 'भृत्यभरण' असा आहे. 'भृ' म्हणजे पोसणें, धारण करणें. ज्याचें भरण करावयाचें तो भृत्य. भर्ता आणि भार्या हे शब्दहि याच धातूपासून निघाले, हें संस्कृत शिकलेल्या भगिनींस सांगावयास नको. पुढें भृत्य म्हणजे हलका चाकर असा अर्थ रूढ झाला. पण व्युत्पत्ति पाहूं गेल्यास त्या शब्दांत चाकराचा कमीपणा नसून धन्याची जबाबदारी आहे.

कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्र्यांनीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील राजकारणाची चर्चा फार झाली. भृत्यांच्या वेतनावर त्यांत एक स्वतंत्र प्रकरण आहे, तिकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष जातें. राज्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा चाकरांच्या वेतनावर खर्चावा, असा तेथें दंडक आहे. ऋत्विज, आचार्य, मंत्री, पुरोहित, सेनापति यांस ४८,००० पण, आणि अगदीं खालच्या चाकरांस ६० पण; म्हणजे मधलें अंतर आठशें पटींचें! (आचार्यास मंत्र्याइतकें वेतन पाहून शिक्षकवर्गास क्षणभर हर्ष होईल, परंतु तो आचार्य राजाच्या पदरचा. इतर आचार्यांस पांचशें ते हजार पणांचें 'पूजावेतन' सांगितलें आहे. पूजेचें वेतन थोडें असावें, ही परंपरा बरीच जुनी दिसते.) वरच्या अधिकाऱ्यांस एवढें कां द्यावें, याचें कारणहि कौटिल्य देतो : तेवढ्यानें ते फितत नाहींत आणि रुष्टहि होत नाहींत. येथें दयेचा लवलेश नाहीं, सारा हिशेब आहे. तथापि याच हिशेबी ग्रंथकारानें पुढें असेंहि सांगितलें आहे, कीं कामावर असतां जो मरेल त्याच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें, आणि चाकराच्या घरीं मृत्यु, आजार किंवा बाळंतपण असा प्रसंग आल्यास धन्यानें द्रव्य व मान देऊन साह्य करावें. शुक्रनीतींत तर चाळीस वर्षें सेवा केलेल्यास पुढें काम न करतां अर्धें वेतन द्यावें, असें निवृत्तिवेतनहि सांगितलें आहे. परंतु तो ग्रंथ किती जुना याविषयीं विद्वानांत वाद आहे, म्हणून त्यावर फार भार देत नाहीं.

हें झालें पोथींतलें. व्यवहारांत तें कसें उतरलें हें पाहण्यास आम्हां नागपूरकरांस गांव सोडून जावयास नको. जमशेटजी टाटांनीं १८७४ सालीं पंधरा लक्ष रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि जुम्मा तलावाच्या कांठीं दलदलीच्या जमिनींत भर घालून कापडाची गिरणी उभी केली. १ जानेवारी १८७७ रोजीं ती सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली, म्हणून गिरणीचें नांव 'एम्प्रेस मिल'. तिचा कारभार जमशेटजींनीं ज्यांच्या हातीं दिला ते बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालखात्यांतून आलेले. कापसाच्या धंद्याची त्यांस माहिती नव्हती. धंदा शिकतां येतो, स्वभाव शिकवितां येत नाहीं, हें ओळखून केलेली ती निवड होती, आणि पुढील अनेक वर्षांच्या कारभारानें ती योग्य ठरली.

मजुरांचा प्रश्न याहून अवघड होता. नागपूरचा मजूर त्या काळीं गिरणीच्या भोंग्यावर जगणारा नव्हता. सण आला, लग्नसराई आली, हातीं चार दिवसांची सोय झाली, कीं तो घरीं राही. आणि चात्यावर माणूस नसला म्हणजे यंत्र कितीहि उत्तम असो, सूत निघत नाहीं. अशा वेळीं सामान्य मालक दंड वाढवितो. जमशेटजींनीं दंडाऐवजीं लोभ वाढविला. नियमित येणारांस बक्षिसें ठेवलीं व तीं समारंभानें वांटलीं. गिरणींतील हवा खेळती व सौम्य राहावी म्हणून यंत्रें बसविलीं. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि उघडला आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांस भरपाई देण्यास प्रारंभ केला. अपघाताच्या भरपाईचा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला, आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ सालीं. म्हणजे जें करण्यास सरकारास कायदा करावा लागला, तें या शहरांतील एका खाजगी मालकानें एका बाबतींत अठ्ठावीस आणि दुसरीसारख्याच बाबतींत सहासष्ट वर्षें आधीं केलें होतें.

हें त्यांनीं दयेनें केलें कीं गरजेनें, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मतें गरजेनें केलें असें म्हटल्यानें त्यांचें मोठेपण कमी होत नाहीं. चाकराची गरज लागते हें पुष्कळांस कळतें. त्याच्याहि गरजा आहेत, आणि त्या भागविल्या तर आपली भागते, एवढी पुढची पायरी थोडेच चढतात. कौटिल्यानें द्रव्याबरोबर मानहि द्यावा म्हटलें आहे, आणि चारचौघांसमोर दिलेलें बक्षीस हें दुसरें काय असतें?

परंतु चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मालकानें आपण होऊन दिलेलें तें देणें. त्यावर घेणाऱ्याचा हक्क नसतो. शिवाय गिरणी मोठी झाली कीं मालक मजुरास ओळखीत नाहीं. ओळखतो तो मुकादम. कामावर घेणें, काढणें, रजा देणें, सर्व त्याच्या हातीं. आणि मुंबईच्या गिरण्यांतून त्याच्या दस्तुरीच्या ज्या हकीकती नमूद आहेत, त्या वाचून मन विटतें. ओळखीचा आणखी एक दोष आम्हांस विशेष सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत येतो. विणाईखात्यांत धोट्यांतील सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या मजुरांस त्या अधिक पगाराच्या खात्यांत येऊं देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें पुढें मांडला. माणूस ओळखून काम देणें ही गोष्ट ऐकावयास गोड आहे. पण ओळखणारा प्रथम आडनांव ओळखतो, आणि दार तेथेंच लागतें.

मजुरांविषयींच्या शाही आयोगानें १९३१ सालीं मुकादमाची सत्ता मोडण्यासाठीं गिरण्यांतून स्वतंत्र मजूर-अधिकारी नेमण्याची शिफारस केली, आणि १९४८ च्या कारखाने-कायद्यानें पांचशें किंवा त्यांहून अधिक कामगार असतील तेथें कल्याण-अधिकारी नेमणें सक्तीचें केलें. आज कंपन्यांतून मनुष्यबळाचा जो विभाग असतो, त्याचा आपल्याकडील एक पूर्वज हा. परीक्षेनें भरती, ज्येष्ठतेनें बढती, आणि राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणें चौकशीवांचून बडतर्फी नाहीं, ही सरकारी चौकटहि याच भीतींतून आली आहे. परीक्षेच्या क्रमांकास आडनांव नसतें. शाळेंत हजेरी घेतांना नांवांऐवजीं क्रमांक पुकारणें आम्हांस कधीं रुचलें नाहीं. परंतु उत्तरपत्रिकेवर मात्र क्रमांकच असावा, याविषयीं आम्हांस कधीं शंका आली नाहीं.

तरी नियमांचेंहि एक दुखणें आहे. नियम पक्षपात करीत नाहीं, तसा तो कोणास पाहतहि नाहीं. वरिष्ठानें वर्षाकांठीं लिहावयाचा गोपनीय अहवाल घ्या. आपल्याविषयीं काय लिहिलें आहे, हें कनिष्ठास कळतच नसे; शेरा प्रतिकूल असला तरच तो कळवावयाचा. 'बरा' असा साधा शेरा प्रतिकूल गणला जात नसे, आणि बढतीच्या वेळीं तोच आडवा येई. २००८ सालीं देव दत्त यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं प्रत्येक शेरा त्या चाकरास कळविलाच पाहिजे. समोर बोलावून "तुमचें येथें चुकतें" असें सांगावें, एवढ्या गोष्टीस सर्वोच्च न्यायालय लागलें!

एम्प्रेस मिलचा उत्तरार्ध या दोन्ही पद्धतींचा संयुक्त इतिहास आहे. शंभरांहून अधिक वर्षें खाजगी मालकीखालीं चाललेली ही गिरणी १९८६ सालीं महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. माणसें तींच, साचे तेच, भोंगा तोच. धनी मात्र बदलला. सरकार आलें म्हणजे नोकरी पक्की झाली, अशी त्या वेळीं पुष्कळांची समजूत झाली असल्यास तिला दोष देतां येत नाहीं. परंतु देशांतील जुन्या कापडगिरण्यांस यंत्रमागांच्या स्वस्त कापडापुढें टिकाव धरणें कठीण झालेलें होतें, आणि २००२ सालीं ही गिरणी बंद पडली. तिच्या जागीं आज 'एम्प्रेस सिटी' नांवाचा बाजार-महाल उभा आहे. आमच्या घरचीं मुलें तेथें सिनेमा पाहावयास जातात. कौटिल्यानें वेतनाचें प्रमाण उत्पन्नाशीं बांधलें, त्याचें मर्म येथें कळतें. उत्पन्नाचा झरा आटल्यावर पहिल्या धन्याची आस्था पुरली नाहीं आणि दुसऱ्याचा नियमहि पुरला नाहीं. ज्यांनीं तेथें जन्म घालविला त्यांस खाजगी कीं सरकारी हा वाद काय वाटत असेल?

आणि हा वाद आतां जुना होत चालला आहे, हें आजोबांसहि सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्या सरकारी नोकरांस जुनें निवृत्तिवेतन मिळेनासें झालें. तें परत मिळावें म्हणून मार्च २०२३ मध्यें राज्यांतील कर्मचाऱ्यांनीं १४ ते २० तारखेपर्यंत संप केला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत सरकारी पदें बाहेरील संस्थांमार्फत कंत्राटानें भरण्याचा निर्णय निघाला, आणि तरुणांत रोष उसळल्यामुळें पुढच्याच महिन्यांत तो मागें घ्यावा लागला. निर्णय मागें घेतला, तरी कंत्राटी चाकर कचेऱ्यांतून नाहींसे झाले असें नाहीं. आमच्या माहितींतील एका एकत्र कुटुंबांत दोघे चुलतभाऊ एकाच कचेरींत जातात. एकाच गाडीवरून जातात, एकाच डब्यांतली पोळी खातात, टेबलेंहि शेजारींशेजारीं. थोरला कायम आहे. धाकटा ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर. कामाची रीत धाकट्यास अधिक कळते, असें थोरलाच सांगतो. परंतु कचेरीच्या हजेरीपटांत धाकट्याचें नांव नाहीं. त्याचा साहेब त्याचा धनी नव्हे, आणि त्याच्या धन्यानें त्यास पाहिलेलें नाहीं. उद्यां त्याच्या घरीं आजार निघाला, तर द्रव्य आणि मान घेऊन यावयाचें कोणी? ओळख आणि नियम यांपैकीं एक तरी असावें. येथें दोन्ही नाहींत.

त्या घरच्या आईनें गेल्या महिन्यांत आम्हांस विचारलें, कीं मुलगा पांच वर्षें तेथेंच आहे, मग त्यास ग्रॅच्युइटी मिळेल ना? १९७२ च्या कायद्याप्रमाणें त्यासाठीं पांच वर्षांची अखंड सेवा लागे, आणि अकरा महिन्यांनीं करार तोडून पुन्हां लिहिण्यांत पुष्कळ ठिकाणीं हाच हेतु असतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत ठराविक मुदतीच्या नोकरांस, पांच वर्षें भरलीं नसलीं तरी, केलेल्या सेवेच्या प्रमाणांत ग्रॅच्युइटी द्यावी असें घातलें आहे. परंतु ठेकेदारानें पाठविलेला मनुष्य त्यांत बसतो कीं नाहीं, हें त्याच्या नेमणूकपत्रांत काय लिहिलें आहे यावर ठरेल. म्हणून तें पत्र घेऊन या, असें आम्हीं त्यांस सांगितलें. दुसऱ्या दिवशीं माउलींनीं घरांतल्या साऱ्या पेट्या व फडताळें शोधलीं. थोरल्याचें पत्र देवघराच्या कपाटांत, रेशमी रुमालांत बांधून ठेवलेलें सांपडलें. धाकट्यास पत्र कधीं मिळालेंच नव्हतें.