शिष्याची बाजू

चित्रपटांविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार तो किती! रात्रीचें जेवण आटोपल्यावर घरांतील तरुण मंडळी जें लावतील तें, डोळा लागेपर्यंत पाहावें, एवढीच आमची या विषयांतील साधना. तथापि गेल्या महिन्यांत पाहिलेल्या एका चित्रपटानें आमची झोंप उडविली, ती अद्यापि पुरती परत आलेली नाहीं. म्हणून हें पान त्यासच देत आहों.

चित्रपटाचें नांव ‘द डिसायपल’. भाषा बहुतांशीं मराठी असतां नांव तेवढें इंग्रजी कां, असें आमच्या कुटुंबानें विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. लेखन व दिग्दर्शन श्री. चैतन्य ताम्हाणे यांचें. त्यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’ची आठवण वाचकांस असेलच. प्रस्तुत चित्रपटास २०२० सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत उत्कृष्ट पटकथेचें पारितोषिक मिळालें, २०२१ सालीं तो नेटफ्लिक्सवर आला, आणि आमच्या घरीं पोंचावयास त्यास इतकीं वर्षें लागलीं.

शरद नेरुळकर हा मुंबईंतील तरुण एका वृद्ध गवयापाशीं शास्त्रीय संगीत शिकत आहे. गुरूंचे पाय चेपावे, मैफलींत त्यांच्या मागें तंबोरा घेऊन बसावें, आणि रात्रीं रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल हांकीत ‘माई’ या आपल्या परात्पर गुरूचीं ध्वनिमुद्रित प्रवचनें ऐकावीं, हा त्याचा क्रम. माईंचा आवाज दिवंगत दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. हा आवाज मोठा गोड आणि मोठा निष्ठुर आहे. गाणें ही तपश्चर्या आहे, लौकिकाची आशा धरणाऱ्यानें या वाटेस येऊं नये, असें तो शांतपणें सांगत राहतो; आणि आमचा शरद तें वेदवाक्य मानून चालला आहे. गुरूंची भूमिका करणारे श्री. अरुण द्रविड हे जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक. शरदचें काम करणारे श्री. आदित्य मोडक हेही गायकच. त्यामुळें तंबोऱ्यावरचा हात खोटा वाटत नाहीं. गाणीं तुकड्यातुकड्यांनीं न कापतां पुरेशीं ऐकूं दिलीं आहेत, याबद्दल दिग्दर्शकांचे आभार. एकदोन प्रसंग मात्र असे आहेत कीं, घरच्या मंडळींत बसून पाहतांना आम्हांस चष्मा पुसण्याचें निमित्त करावें लागलें.

या कथेंत खलपुरुष कोणी नाहीं. शरदपाशीं कष्ट आहेत, निष्ठा आहे, गळाही बेसूर नाहीं. जें नाहीं त्यास नांव देतां येत नाहीं. स्पर्धेंत विजेत्यांचीं नांवें पुकारलीं जातात व त्याचें येत नाहीं. दूरदर्शनसंचावरील गायनस्पर्धेंतून एक साधी मुलगी पाहतां पाहतां प्रसिद्धीस चढते, आणि हा पाहत राहतो. (अशा स्पर्धांना नाक मुरडण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. २००८-०९ सालीं झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ चाललें असतां आमच्या घरांत दोन पक्ष पडले होते, आणि कार्तिकी गायकवाड विजयी झाली त्या रात्रीं पराभूत पक्ष ताक न घेतांच पानावरून उठला होता!) वर्षें लोटतात, शरदचें अंग सुटतें, आणि एके दिवशीं भर मैफलींत गातां गातां थांबून तो उठतो व निघून जातो. पडद्यावर कोणी रडत नाहीं. आमच्या घरांतही कोणी बोललें नाहीं.

थोड्या वेळानें कुटुंब म्हणालें, “त्या गुरुजींनीं त्याला वेळेवर सांगायला नको का होतें?”

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांस भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा दुसरा अंक आठवत होता. आत्रेयी नांवाची तापसी वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यांत आली आहे. कां आलीस, असें वनदेवता विचारते. आत्रेयी सांगते कीं, तेथें कुश आणि लव हे दोन मुलगे शिकत आहेत, आणि त्यांच्या तेजस्वी बुद्धीबरोबर माझ्यासारखीस पाठ घेणें शक्य नाहीं. याच ठिकाणीं तो प्रसिद्ध श्लोक येतो. त्याचा आशय असा कीं, गुरु शहाण्याला व मंदाला सारखीच विद्या देतो, कोणाची ग्रहणशक्ति वाढवीत नाहीं कीं काढून घेत नाहीं; पण स्वच्छ मण्यांत प्रतिबिंब उमटतें, मातीच्या ढेकळांत उमटत नाहीं. शाळेचा निकाल कमी लागला, कीं शिक्षकांच्या खोलींत या श्लोकाचा मोठा आधार वाटे! आम्हीं तो तीस वर्षें मुलांना सांगितला, व सदैव गुरूच्या बाजूनें सांगितला. तो म्हणणारी स्वतः मागें पडलेली शिष्या आहे, हें त्या रात्रीं प्रथम ध्यानांत आलें. शिवाय तिला जावयास अगस्त्यांचा आश्रम होता. शरदला दुसरा आश्रम कोणीं दाखविला?

आतां जें लिहावयाचें तें टाळण्याजोगें असतें तर टाळलें असतें. आमच्या हाताखालून एक मुलगा गेला. पाठांतर निर्दोष, उच्चार स्वच्छ. पण न पाहिलेला श्लोक पुढें ठेवला कीं गडबडे. मॅट्रिकनंतर त्याचे वडील विचारावयास आले. त्यांचें वाणसामानाचें दुकान होतें. “याला संस्कृतच घेऊं द्या,” असें आम्हीं सांगितलें. त्याची कुवत आम्हांस ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती. परंतु त्या वर्षीं संस्कृत घेऊं इच्छिणारा तोच एक होता, आणि आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें जाऊं शकलों नव्हतों. एम. ए. व्हावयास त्यास दोनदां बसावें लागलें. प्राध्यापकीच्या पात्रता-परीक्षेस तो सात वेळां बसला. मधल्या काळांत तासिकांवर शिकवून मिळेल तें घेतलें. वडील गेले, तेव्हां पस्तिसाव्या वर्षीं दुकानावर येऊन बसला.

प्रतिवर्षीं गुरुपौर्णिमेस तो नारळ घेऊन येतो. यंदां त्याला स्पष्ट विचारावयाचें असें आम्हीं मनाशीं ठरविलें होतें. तो आला, पायांवर डोकें ठेवून बसला. चहा झाला. “तुला आमचा राग येतो कां रे?” आम्हीं विचारलें.

“कशाबद्दल, गुरुजी?” तो गोंधळून म्हणाला, आणि आम्ही शब्द जुळवीत आहों तोंच खिशांतून दुकानाच्या पावतीचा एक कागद काढून त्यानें उलगडला. मागच्या बाजूस शंका टिपून आणली होती: ‘रामेण’ यांत णकार होतो, मग ‘अर्चनेन’ यांत कां होत नाहीं?

ही शंका त्यानें पूर्वीं तीनदां विचारली आहे. आम्हीं अडकित्ता बाजूस ठेवला, आणि रेफापासून पुन्हां आरंभ केला.