न कळत दिलेली गोळी

‘डॉक्टर, त्यांना कळणार नाही असं, भाजीत कालवता येईल असं काही औषध द्या ना.’ ही विनवणी न ऐकलेला फॅमिली डॉक्टर महाराष्ट्रात सापडणे कठीण. समोरची बाई दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या मारहाणीने आणि उधारीने पिचलेली असते. आपल्यालाही तिची दया येते. तरीही ती चिठ्ठी लिहू नका, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे.

अशा चिठ्ठीवर लिहिले जाणारे औषध म्हणजे डायसल्फिरॅम. ते दारूची ओढ कमी करत नाही. यकृतात दारूपासून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचा पुढचा निचरा ते रोखते. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकाराच्या रुग्णाचा यात जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, आणि ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो सावध राहणार तरी कसा? हे सारे माहीत असलेल्या, यकृत तपासलेल्या, राजी असलेल्या रुग्णाला घरच्यांच्या देखरेखीखाली तीच गोळी उपयोगी पडते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही आजारच मानतो. म्हणजे संमतीचा नियम इथेही लागू आहे. शिवाय फसवणूक उघडकीला आली की तो माणूस बायकोच्या हातचे जेवण सोडतो आणि आपला दवाखानाही.

त्या बाईला मात्र रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. नवरा यायला तयार नसला तरी तिच्यावरचे उपचार आजपासून सुरू होऊ शकतात. तिची झोप, तिचे नैराश्य, मुलांची सुरक्षितता याबद्दल विचारा. दारूचे व्यसन असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनच्या सभेचा पत्ता द्या. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींच्या आधारगटाला उपचारातच जागा दिली, ती उगाच नाही.

नवरा आपल्याकडे येतोच. फक्त कारण दुसरे सांगतो. जळजळ, हातांची थरथर, पडून झालेली जखम, अशक्तपणा. अशा वेळी आपला हात सवयीने ग्लुकोजच्या बाटलीकडे जातो. रोज पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला थायमिन आधी, निदान सोबत तरी, द्यायलाच हवे. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘उद्यापासून बंद करा’ हा सल्लाही जपून द्यावा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत झटके आणि साधारण तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊ शकतो. पूर्वी असे झाले आहे का, हे विचारूनच घरी की रुग्णालयात ते ठरवा.

व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला रुग्ण पुन्हा प्यायला की आपल्यातलेही काही जण ‘याचं काही होणार नाही’ म्हणून मोकळे होतात. साखर वाढलेल्या मधुमेह्याला आपण असे कधी म्हणतो का? घसरण कुठे झाली, सोबत कोण होते, हातात पगार होता की घरात भांडण, हे न रागावता विचारले तर तो सांगतो. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याच्या बाबतीत हे अधिकच तातडीचे आहे. काही आठवडे सोडल्यावर त्याची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुनीच मात्रा त्याचा श्वास थांबवू शकते. म्हणून केंद्रातून सुटण्याच्या आठवड्यातच त्याला आपल्याकडे बोलवा, पुढची तारीख चिठ्ठीवर लिहा आणि तो आला नाही तर फोन करा.