बॅटरीची नाडी



2024 सालच्या किप्पूरला आमच्या नातवाच्या हातून गाडीतला दिवा चालूच राहिला. किप्पूर उतरला, उपास सोडला आणि ह्यांना घेरी आली. दवाखान्यात न्यायला निघालो, तर गाडी नुसतीच कट्‌कट् करून गप्प! शेजारी धावून आले म्हणून निभावले. पण सगळे पोरावर तुटून पडलो, आम्हीसुद्धा.

मेकॅनिकने मात्र हिशेब मांडला. दिवा 5 वॅटचा. 25 तासांत त्याने साधारण 10 अँपिअर-अवर वीज खाल्ली. बॅटरी 60 ची. म्हणजे गेला फक्त सहावा हिस्सा! धडधाकट बॅटरीने एवढ्यावर गाडी सहज सुरू केली असती. आमची बॅटरी पाच उन्हाळे सोसून म्हातारी झाली होती. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

त्याने ती चार्ज करून रात्रभर ठेवली. सकाळी मीटरवर 12.6 व्होल्ट. आम्ही म्हटले, ठणठणीत आहे की! पण चावी फिरवताच आकडा 8 वर आला. पेशंटची नाडी झोपून बरी असते, जिना चढला की धाप लागते, तसेच हे.

तर ध्यानात ठेवा. गाडी काही तास उभी राहिल्यावर 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. चार्ज केलेली बॅटरी गाडी सुरू करताना 9.6 च्या खाली गेली, तर दाखवून घ्या. इंजिन चालू असता साधारण 14 हवेत. तेवढे नसतील तर आल्टरनेटर तपासा.

बॅटऱ्याही निरनिराळ्या. जुनीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे, हल्लीच्या बहुतेक बंदच असतात. सिग्नलला ज्या गाडीचे इंजिन आपोआप बंद होते, तिला ईएफबी किंवा एजीएम लागते. एजीएमच्या जागी स्वस्त, साधी बसवू नका.

बालमित्रांनो, 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी जेमतेम 2 व्होल्टचे. पण हात लावू नका बरं! आत ॲसिड असते, आणि चार्ज होताना निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो.

नातवाला जवळ घेऊन आम्ही चूक कबूल केली. तो म्हणाला, "आजी, आता दर सणाआधी मीटर मीच वाचणार." तुम्हीही सणाआधी बॅटरी तपासून घ्या. गरज काही सांगून येत नाही.

पुढल्या अंकी भेटूच.