पडायला कोण शिकवणार?

स्वसंरक्षणाच्या शिबिराचं पत्रक आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी छापलेलं असतं. हवेत लाथ उगारलेली मुलगी त्यावर असतेच. तिचा पाय खाली कशावर टेकणार, हे मात्र पत्रकात नसतं. बऱ्याच ठिकाणी तो शाळेच्या पटांगणावर टेकतो, नाहीतर समाजमंदिराच्या शहाबादी फरशीवर.

कराटे, ज्यूदो शिकताना मुलींना लागतं. मनगट मुरगळतं, बोटं सुजतात, गुडघा दुखावतो. याबद्दल आपल्या बैठकांत फारसं बोललं जात नाही, आणि त्याला कारणही आहे. मुलीला वर्गाला पाठवायलाच घरचे मुश्किलीने तयार होतात. लागल्याचं कळलं की ‘कुणी सांगितले होते नसते उद्योग?’ हे ठरलेलं. हात मोडला तर लग्नाचं कसं, ही काळजी हाताच्या काळजीच्या आधी. म्हणून मुलगी सुजलेलं मनगट ओढणीखाली झाकते, आणि शिकवणारे सर म्हणतात, ‘एवढ्यानं रडतेस, मग गुंडाला काय मारणार?’ मला हे वाक्य सगळ्यात जास्त खटकतं. मुकाट सोसण्याला शौर्य म्हणायचं, ही तर घराघरातली जुनीच शिकवण. ती पांढरा पोशाख घालून परत येते, एवढंच.

झाकण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ज्यूदोच्या जन्मभूमीतच दिसलं. जपानमधल्या शाळांत १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्यूदो खेळताना शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. त्यांतल्या अनेकांच्या डोक्याला मार लागला होता, आणि त्यांत नवशिकी मुलं बरीच होती. प्रत्येक मृत्यू सुटा अपघात म्हणून विसरला जात होता. मग कुणीतरी जुन्या नोंदी काढून बेरीज केली, २०१० मध्ये पालकांनी संघटना बांधली. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत मुलामुलींना युद्धकला सक्तीची होणार होती, त्यामुळे प्रश्न दडपता आला नाही. प्रशिक्षकांसाठी डोक्याच्या माराबद्दलच्या सूचना आल्या, आणि पुढच्या वर्षांत मृत्यू ठळकपणे कमी झाले. त्यासाठी ज्यूदो बंद करावा लागला नाही.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असंही नाही. कोल्हापूर-सांगलीकडे तालमीचा हौदा पाहा. तांबडी माती चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. कुस्तीआधी पैलवान ती उकरून मोकळी करतात. पुरुषाचं अंग आपटणार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातीची एवढी निगा! त्या हौद्यात बाईनं पाय ठेवायचा नाही, असा दंडक होता. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. सरकारी पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेत २०२१ च्या सुधारणेनंतर सहावी ते बारावीच्या मुलींच्या आत्मरक्षा प्रशिक्षणासाठी शाळेमागे महिना ५००० रुपये ठरले, तेही तीनच महिने. त्यात शिकवणाऱ्याचं मानधन गेल्यावर गाद्यांना काय उरणार?

मुलींचे गुडघे मुळातच नाजूक, असंही आपल्याला ऐकवलं जातं. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा जास्त आढळतं, हे खरं. पण सगळा दोष शरीराच्या ठेवणीवर ढकलणं सोयीचं आहे. मुलगा लहानपणापासून झाडावरून उड्या मारतो, पडतो, स्नायू कमावतो. मुलगी वयात आली की तिचं पळणंच बंद होतं, आणि मग पंधराव्या वर्षी एकदम दहा दिवसांच्या शिबिरात तिला उंच लाथ मारायला सांगतात. त्यातून २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. दमलेलं अंग लवकर दुखावतं.

ज्यूदोत डाव शिकण्याआधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, डोकं जमिनीपासून दूर, आणि हाताचा पंजा पुढे रोवायचा नाही. पंज्यावर पडलं की अंगठ्याच्या मुळाशी असलेलं लहान हाड मोडू शकतं, आणि ते पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. गुडघ्यात कट्‌कन वाजून काही तासांत सूज आली तर चोळून घेत बसू नये. डोक्याला मार लागलेल्या मुलीचा त्या दिवसाचा सराव तिथंच संपला पाहिजे. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी दिसली तर थेट दवाखाना.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. वर्गाला येणाऱ्या विवाहित बाईच्या दंडावरचा काळानिळा डाग कुठून आला? ‘कराटेत लागलं’ हे उत्तर तिला सोयीचं आणि नवऱ्याला त्याहून सोयीचं. वर्गात तारीखवार वही असेल, कुणाला कुठं, कशानं लागलं हे त्यात लिहिलेलं असेल, तर घरचा मार वर्गाच्या नावावर खपवता येणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याखाली तक्रार करायची वेळ आलीच, तर ‘क्लासमध्ये पडली असेल’ या बचावाला ती वही उत्तर देईल. वही गटातल्या एखाद्या ताईकडे असावी, सरांकडे नको. मुलगी अल्पवयीन असेल तर घरी सांगायला हवंच, पण ताईनं तिच्या सोबत जाऊन सांगावं.

पुढच्या शिबिराचा खर्च मांडाल तेव्हा पाहुण्यांच्या हारतुऱ्यांआधी गाद्यांची ओळ लिहा. पैसे पुरत नसतील तर आपटण्याचे डाव त्या शिबिरात ठेवू नका. मोठ्यानं ओरडणं, मनगट सोडवून घेणं, पळणं हे फरशीवरही शिकवता येतं.