विद्यापीठ ग्रंथालयाची ऑनलाइन संसाधने परिसराबाहेरून वाचता यावीत यासाठी निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
(द्वारा : मा. संचालक, ज्ञानस्रोत केंद्र)

विषय : विद्यापीठाने वर्गणी भरलेले डेटाबेस, ई-जर्नल आणि ई-पुस्तके नोंदणीकृत संशोधकांना परिसराबाहेरून वैयक्तिक लॉगिनने उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

आम्ही विद्यापीठाच्या विविध विभागांत आणि संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत पीएच.डी.साठी नोंदणी केलेले संशोधक आहोत. आमच्यात पूर्णवेळ अधिछात्र आहेत, नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणारे शिक्षक, वकील आणि आरोग्य कर्मचारी आहेत, तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकवणारेही आहेत. विषय वेगवेगळे असले तरी अडचण एकच आहे. विद्यापीठाने आमच्यासाठी घेतलेले वाचन विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच बंद होते.

प्रकाशकाच्या संकेतस्थळाला आज आम्ही कोण आहोत हे कळत नाही. विनंती कोणत्या जोडणीवरून आली, एवढेच त्याला कळते. विद्यापीठाचे ठरावीक आयपी पत्ते त्याच्या यादीत आहेत; परिसरातल्या वायफायवरून किंवा ज्ञानस्रोत केंद्रातल्या संगणकावरून लेख उघडला तर पूर्ण मजकूर दिसतो. तोच लॅपटॉप घरी नेऊन तोच लेख उघडला तर सारांश दिसतो आणि खाली डॉलरमधली किंमत. शुल्क भरलेला, नोंदणी क्रमांक असलेला, संशोधन व मान्यता समितीने विषय मंजूर केलेला संशोधक त्या संकेतस्थळासाठी रस्त्यावरचा अनोळखी माणूस ठरतो. वाचनाचा अधिकार जोडणीला न देता माणसाला द्यावा, ही आमची मूळ मागणी आहे. पुढचे सर्व मुद्दे तिच्यातूनच निघतात.

याचा संशोधनावर काय परिणाम होतो, हे थोडे विस्ताराने मांडू द्यावे. तालुक्याच्या गावी राहणारा अर्धवेळ संशोधक सुट्टी काढून एसटीने विद्यापीठात येतो. त्यातही सार्वजनिक सुट्ट्यांना केंद्र बंद असते आणि संगणक कक्ष संध्याकाळी बंद होतो. हाती असलेल्या चार-पाच तासांत तो जमतील तेवढ्या पीडीएफ पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो. परंतु संदर्भवाचन हे यादी खिशात घालून किराणा आणण्यासारखे काम नाही. एका लेखाच्या तळटिपेत दुसऱ्या लेखाचा पत्ता लागतो, तो वाचला की आपले गृहीतकच तपासून पाहावेसे वाटते, आणि त्यासाठी तिसऱ्याच विषयातले जर्नल उघडावे लागते. ही साखळी रात्री, घरी, लिहिताना सुरू होते आणि नेमकी तिथेच तुटते. मग संशोधक जे मोफत मिळेल त्यावर भागवतो. प्रबंधातले पूर्वसंशोधनाचे प्रकरण त्यामुळे उपलब्धतेनुसार लिहिले जाते, गरजेनुसार नाही. सहामाही प्रगती अहवाल पाहताना मार्गदर्शक विचारतात, "अलीकडचे संदर्भ का नाहीत?" तो प्रश्न रास्तच असतो.

विधी शाखेतल्या संशोधकाला मनुपात्र किंवा एससीसी ऑनलाइनवरचे निवाडे एकदा पाहून भागत नाही. युक्तिवाद लिहिताना पुन्हा पुन्हा मूळ परिच्छेदाकडे जावे लागते. अर्थशास्त्राच्या संशोधकाला कालश्रेणी एकदा उतरवून घेतली तरी आधारवर्ष बदलले की नव्याने घ्यावी लागते. ही कामे महिन्यातून एखाद्या फेरीत होणारी नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिली आहे. नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन, कामाचे तास सांभाळून संशोधन करता येईल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. याच विनियमांत महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना पदवी पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची वाढीव मुदतही आहे. नियमाने वेळ दिला, पण त्या वेळात घरून वाचता येत नसेल तर सवलत कागदावर राहते. दृष्टिबाधित सहकाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांच्या स्वतःच्या संगणकावर स्क्रीन रीडर, आवाजाचा वेग, कळफलकाची मांडणी हे सगळे त्यांच्या सवयीप्रमाणे बसवलेले असते. सामायिक कक्षातल्या संगणकावर ते नसते, आणि असले तरी दर वेळी नव्याने जुळवावे लागते. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ शिक्षणात वाजवी सोय करण्याचे बंधन घालतो. घरच्या संगणकावर लॉगिन देण्याइतकी साधी आणि स्वस्त सोय दुसरी कोणती असेल, असे आम्हाला वाटत नाही.

हा प्रश्न मुख्यतः पैशांचा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा आवाका सांगितला गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरांतल्या संशोधकांपर्यंत जर्नल पोहोचावीत, हा हेतू सरकारने जाहीरपणे मांडला आहे. वर्गणी दिल्लीतून भरली जाते, समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे, आणि शेवटचे दार उघडायचे आहे ते विद्यापीठाने. ते दार म्हणजे आपल्या सभासदांची अद्ययावत यादी आणि ती तपासणारी लॉगिन व्यवस्था.

त्यासाठी नवे काही शोधून काढावे लागणार नाही. इन्फ्लिबनेटने चालवलेली 'इन्फेड' ही प्रवेश व्यवस्था नेमकी याच कामासाठी आहे. वाचक प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आपल्या संस्थेचे नाव निवडतो, संस्थेच्या पानावर स्वतःचा पासवर्ड देतो आणि संस्था प्रकाशकाला एवढेच कळवते की ही व्यक्ती आमची आहे. स्वतःचा सर्व्हर चालवणे ज्या संस्थांना जड जाते त्यांच्यासाठी ही यंत्रणा इन्फ्लिबनेटकडेच ठेवण्याची सोय आहे. जे डेटाबेस या पद्धतीने उघडत नाहीत त्यांच्यासाठी ईझीप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी व्यवस्था जगभरच्या ग्रंथालयांत दोन दशकांहून अधिक काळ वापरात आहे. त्यात वाचकाची विनंती विद्यापीठाच्या सर्व्हरमार्फत जाते, म्हणून प्रकाशकाला ती परिसरातूनच आल्यासारखी दिसते. महाविद्यालयांसाठी २०१० साली सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेत तर प्रत्येक वाचकाला वैयक्तिक लॉगिन देण्याचीच पद्धत आहे. ग्रामीण महाविद्यालयातला पदवीचा विद्यार्थी घरून ई-पुस्तक वाचू शकतो आणि विद्यापीठाचा पीएच.डी. संशोधक तालुक्याच्या गावाहून जर्नल उघडू शकत नाही, ही विसंगती आम्हाला मनापासून खटकते.

परिसराबाहेर प्रवेश दिला तर गैरवापर होईल, ही भीती प्रशासनातून आणि काही वेळा ग्रंथालयातूनही व्यक्त होते. ती आम्ही हलक्यात घेत नाही. कोणी यंत्राच्या साहाय्याने एकाच वेळी शेकडो लेख उतरवून घेतले तर प्रकाशक संस्थेचा प्रवेश थांबवतो, आणि कराराच्या दृष्टीने त्याचे ते करणे बरोबरच असते. पण आजच्या पद्धतीत हा धोका जास्त आहे. सर्व वाचक एकाच आयपी पत्त्यामागे असल्याने एकाच्या कृत्यासाठी संपूर्ण विद्यापीठाचा प्रवेश थांबतो, आणि ते कोणी केले हे शोधणेही अवघड जाते. वैयक्तिक लॉगिन असेल तर कोणत्या खात्यातून काय घडले याची नोंद राहते आणि तेवढेच खाते बंद करता येते. दुसरीकडे, सरळ वाट बंद असल्याने आज मार्गदर्शकांचे पासवर्ड हातोहात फिरतात, काही जण अनधिकृत संकेतस्थळांकडे वळतात. याच संकेतस्थळांविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. ज्या लेखाची वर्गणी आधीच भरली आहे तो लेख चोरवाटेने मिळवण्याची वेळ आमच्यावर येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट वित्त विभागाच्या नजरेस आणावीशी वाटते. डेटाबेसचे नूतनीकरण करताना किती वाचकांनी किती वेळा वापर केला याचे आकडे पाहिले जातात. परिसरातच उघडणारा डेटाबेस कमी वापरला जातो, कमी वापर दिसला की तो बंद करावा अशी शिफारस होते, आणि ज्यांना तो सर्वात जास्त हवा असतो त्यांनी तो कधी उघडूनच पाहिलेला नसतो. वर्गणी वाया जाते आहे असे वाटत असेल तर आधी दार उघडून पाहावे.

म्हणून आमची मागणी आहे की विद्यापीठाने इन्फेडद्वारे परिसराबाहेरचा प्रवेश पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी कार्यान्वित करावा आणि पीएच.डी. नोंदणीचे पत्र मिळताच संशोधकाचे खाते आपोआप सुरू व्हावे. विभागप्रमुखांची सही, मग मार्गदर्शकांची शिफारस, मग ग्रंथालयाचा अर्ज अशी नवी कागदांची साखळी तयार होऊ नये. खाते प्रबंध सादर केल्याच्या दिवशी बंद न करता मौखिक परीक्षा होऊन पदवीची अधिसूचना निघेपर्यंत सुरू ठेवावे. परीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तर देण्यासाठी सर्वात जास्त वाचन त्याच काळात लागते. पासवर्डची पडताळणी केवळ मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर ठेवू नये. आमच्यापैकी अनेकांच्या गावी घरात इंटरनेट चालते, पण संदेश वेळेत येत नाही. ईमेल किंवा पडताळणी ॲपचा पर्याय हवा.

संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांतील संशोधकांचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा, असा आमचा आग्रह आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. त्यामुळे विनाअनुदानित महाविद्यालयातील केंद्रात काम करणाऱ्या संशोधकाला "तुमचे महाविद्यालय यात येत नाही" असे उत्तर मिळते. पण त्याची नोंदणी विद्यापीठाकडे आहे, शुल्क विद्यापीठ घेते, पदवी विद्यापीठ देणार आहे. तो विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, ही भूमिका विद्यापीठाने इन्फ्लिबनेट आणि प्रकाशकांसमोर लेखी मांडावी आणि आलेले उत्तर आम्हाला कळवावे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची नावे ज्ञानस्रोत केंद्राच्या याद्यांतून सहज गळतात. त्यांना नेमणुकीच्या सत्रापुरते तरी खाते मिळावे.

विद्यापीठ स्वतःच्या निधीतून जे डेटाबेस घेते त्यांच्या खरेदी आदेशात आणि नूतनीकरणाच्या करारात परिसराबाहेरच्या प्रवेशाची अट लेखी असावी. काही डेटाबेसच्या करारात एकाच संगणकावर किंवा मोजक्याच वापरकर्त्यांना परवानगी असते, हे आम्ही जाणतो. तो करार मोडावा, असे आम्ही म्हणत नाही. अशा डेटाबेसची यादी केंद्राच्या संकेतस्थळावर द्यावी, म्हणजे कशासाठी प्रवास करायचा आणि कशासाठी नाही हे आधी कळेल.

वाचनाच्या नोंदींबाबतही स्पष्ट नियम हवा. कोणता संशोधक काय वाचतो ही माहिती गैरवापराच्या चौकशीपलीकडे कोणालाही, अगदी मार्गदर्शकांनाही दाखवू नये, आणि ठरावीक मुदतीनंतर ती पुसली जावी. जातिव्यवस्था, लैंगिकता, मानसिक आरोग्य, धार्मिक संघर्ष अशा विषयांवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत दोन गोष्टी तातडीने होऊ शकतात. एक, ज्ञानस्रोत केंद्राने ईमेलवर आलेल्या मागणीनुसार, करारात बसेल त्या मर्यादेत, लेख पाठवण्याची सेवा सुरू करावी. दोन, संगणक कक्ष शनिवारी आणि रविवारी रात्रीपर्यंत उघडा ठेवावा. ग्रंथालयातले कर्मचारी कमी मनुष्यबळात आम्हाला शक्य ती मदत करतात, याची आम्हाला कृतज्ञ जाणीव आहे. वाढीव वेळेचा भार त्यांच्यावर न टाकता त्यासाठी जादा मनुष्यबळ मंजूर करावे.

२००९ पासून आमचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक आहे आणि शोधगंगेवर ते कोणालाही, कुठूनही, विनामूल्य वाचता येतात. हे योग्यच आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. आमचे काम जगाला जितके मोकळे आहे, त्यातला थोडा मोकळेपणा ते काम करताना आम्हालाही मिळावा.

या निवेदनावर चर्चेसाठी आपण, ज्ञानस्रोत केंद्राचे संचालक आणि संगणक विभागाचे प्रमुख यांच्यासह आमच्या प्रतिनिधींना येत्या पंधरा दिवसांत वेळ द्यावा आणि कोणती मागणी कधीपर्यंत मान्य होईल, कोणती होणार नाही व का, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
विद्यापीठाचे विभाग व संलग्न संशोधन केंद्रांतील पीएच.डी. संशोधक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. प्र-कुलगुरू
मा. कुलसचिव
मा. वित्त व लेखा अधिकारी
सर्व विद्याशाखांचे मा. अधिष्ठाता