निरोप थांबत नाहीत तेव्हा...

मुलांनो, ताप कोण चढवतं? जंतू? नव्हे, आपल्याच पांढऱ्या पेशींनी धाडलेले निरोप! त्यांना म्हणतात सायटोकाइन. लढाई संपली की निरोप थांबायला हवेत ना?

'एचएलएच' या दुर्मीळ आजारात ते थांबतच नाहीत. काही बाळांच्या शरीरात जन्मापासूनच परफोरिन हे प्रथिन नीट बनत नाही. मग मारक पेशी हल्ला करतात, पण शत्रू मरत नाही. निरोप सुटतच राहतात आणि चेकाळलेल्या भक्षक पेशी आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात!

ब्रिटनमधल्या फार्कर आणि क्लेरो या डॉक्टरांनी १९५२ साली हा आजार नोंदवला. २०१८ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन गॅमा हा निरोपच अडवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली.

पालकहो, दिवसेंदिवस न उतरणारा ताप अंगावर काढू देऊ नका. डॉक्टरांना दाखवाच!