तुमचं नेट स्लो असेल!

मंडळी, एखाद्या वेबसाइटवाल्याला "पान फार हळू उघडतं हो" असं सांगून पाहा. उत्तर ठरलेलं असतं : "आमच्याकडे तर झटकन उघडतं. तुमचं नेट स्लो असेल!" या उत्तराचा मला मनस्वी राग येतो. 'मला समजलं म्हणजे वर्गालाही समजलं' असं मानणारे मास्तर असत, त्यांच्यातलाच हा प्रकार.

अहो, तुमच्याकडे झटकन उघडणारच! तुम्ही त्या पानावर दिवसातून पन्नास वेळा जाता. चित्रं, अक्षरांच्या फाइली, सगळं तुमच्या ब्राउझरने साठवून ठेवलेलं असतं. नुसतं मागे जायचं बटण दाबलं, तर अख्खं पान बहुतेक वेळा आठवणीतून जसंच्या तसं समोर येतं. पत्ता टाइप करू लागलात तर क्रोम कधीकधी अंदाज बांधून पान आधीच आणून ठेवतो. तुमची वाट म्हणजे घरच्या माणसाची वाट.

आता पाहुण्याची वाट बघा. मावशीने ग्रुपवर लिंक टाकली. ती आखूड केलेली असेल तर आधी भलत्याच दारात जायचं, तिथून खरा पत्ता घ्यायचा आणि मग खऱ्या दाराशी यायचं. फेसबुकातून दाबली तर पान त्याच्याच खिडकीत उघडतं. तिचं कोठार वेगळं. काल क्रोममध्ये वाचलेलं पान आज तिथे पुन्हा पहिल्यापासून उतरवायचं. पान एकच, पण अनुभव किती वेगळा!

शिवाय घड्याळातला वेळ निराळा आणि मनातला निराळा. आम्हा भुसावळकरांना हे शिकवावं लागत नाही. मुंबईहून सहा-सात तास गप्पांत निघून जातात, पण गाव दिसू लागल्यावर गाडी आउटरला दहा मिनिटं अडकली की जीव नकोसा होतो. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, हे डेव्हिड मेस्टर यांनी 1985 सालीच लिहून ठेवलं आहे. लिंक दाबून पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलेला माणूस आउटरलाच उभा असतो.

मराठी पानांचं दुखणं तर आणखी वेगळं. जोडाक्षरांमुळे आपल्या लिपीची फॉन्ट-फाइल जड होते. ती येईपर्यंत बरेच ब्राउझर तीनेक सेकंद मजकूरच दाखवत नाहीत. "तो फॉन्ट सगळ्यांकडे असतोच" ही सबबही आता चालत नाही. क्रोमने 2020 पासून प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला आहे, एकीकडून आणलेला फॉन्ट दुसरीकडे कामी येत नाही. बरं, अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी मुळातच असते. साध्या मजकुराला ती पुरे की!

कोणी म्हणेल, "गुगलच्या मोजणीत आम्ही पास आहोत." ती मोजणी अशी : 100 पैकी 75 भेटींत मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसला की वेग चांगला. पण रोजचे येणारे जास्त असतील तर त्यांच्या जिवावर पास होता येतं. उरलेल्या 25 भेटी कोणाच्या? बहुधा नव्या माणसांच्याच. सरासरीने पास झालेल्या वर्गातही मागच्या बाकावरचं पोर नापास असू शकतं.

आणि काही पानांवर तर सगळे पाहुणेच असतात. दहावीचा निकाल कोणी रोज बघतं का? सातबारा कोणी छंद म्हणून उघडतं का? 16 जुलै 2021 रोजी दहावीच्या निकालाची साइट कोलमडली, तो गर्दीचा प्रश्न होता. मी बोलतोय ते साध्या दिवसाबद्दल. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाची प्रत्येक भेट पहिलीच असते, आणि बहुतेकदा तोच सर्वांत जास्त अडलेला असतो.

म्हणून सगळ्या साइटवाल्यांना, आणि आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवाल्या भाचे-पुतण्यांनाही, एकच सांगणं. स्वतःचं पान ऑफिसच्या खुर्चीतून तपासू नका. स्वस्तातला फोन घ्या, मोबाइल डेटा लावा, गुप्त खिडकी उघडा आणि ग्रुपवर फिरणारी लिंक जशीच्या तशी तिथे चिकटवा. मग मनात दहापर्यंत आकडे मोजा.

त्यानंतर खुशाल सांगा, स्लो कोण आहे ते.